वेंगुर्ल्याचे चाचे

"एक दिवस गोड बोललीस तर जीभ झिजणार आहे का तुझी?" पावाला लोणी फासता फासता प्रताप म्हणाला.

सुनेत्रा दही-साखर खात होती. पुण्याहून सासूबाईंचा सकाळीच फोन आला होता. परीक्षा आहे म्हणे आज, दही खाल्ल्याशिवाय घराबाहेर पाय टाकू नकोस. त्यांना जास्त समजावत बसायला वेळ नव्हता. ती "हो आई" म्हणाली आणि वाटी घेऊन बसली.

"ते एकमताचं लफडं नसतं तर गोष्ट वेगळी," प्रतापचं चालूच होतं. "एकाने जरी नाही म्हटलं तरी डॉक्टरेट बुडाली. आणि तुमच्या डीनच्या, त्या डेकानबाईंच्या, मनातून उतरलीस तर पुढे काय? अजून कायम झालेली नाहीस तू."

"माहीत आहे."

"तरी बोलणार?"

"बघू."

लेकीने, अन्वीने, मोबाइलवरून मान वर न करता जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटलं. जमेल तुला, अशा अर्थाचं.

डिर्क व्हेस्टरबान हे नाव घेतलं की बॉनच्या सागरी इतिहास संस्थेत लोक खुर्चीत सरळ बसायचे. हा डच माणूस तरुणपणी मालवाहू जहाजांवर होता. मग रॉटरडॅमच्या एका जहाज कंपनीत दाव्यांचं काम बघता बघता समुद्री कायद्याच्या इतिहासाच्या नादी लागला. पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली, टीव्हीवर झळकला. लोक प्रोफेसर म्हणायला लागले ते कायमचेच. म्हातारपणी संस्थेने त्यांना मानाने बोलावून घेतलं, खोली दिली, दारावर पितळी पाटी लावली. जर्मन माणूस पाटीवरचं नाव नंतर वाचतो, नावाआधी काय लिहिलंय ते आधी वाचतो.

सुनेत्राने त्यांचं पहिलं पुस्तक पुण्याच्या लायब्ररीत वाचलं होतं. ती वेंगुर्ल्याची, दर्यावर्दी गाबितांची पोर. डचांच्या पडक्या वखारीच्या आसपास वाढलेली. पुस्तकात तिच्या गावच्या, गलबतं हाकणाऱ्या तांडेलांसाठी एकच शब्द होता. चाचे. डचांचा परवाना न घेता गलबत हाकलं, म्हणून चाचे. तेही स्वतःच्याच समुद्रात. तेव्हा तिला राग आला नव्हता. एवढा मोठा माणूस लिहितोय म्हणजे असेल, असंच वाटलं होतं. तेव्हा राग आला नाही, ह्याचाच राग तिला अजून येत होता.

आणि माणूस वाईट नव्हता. अन्वी तापाने फणफणली होती तेव्हा प्रताप गावाला होता. व्हेस्टरबान सरांनीच स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं होतं, नंबर येईपर्यंत मांडीवर घेतलं होतं. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

संस्थेच्या जिन्यात डेकान फ्राऊ लिंडेमान भेटल्या. "फ्राऊ कुबल, आज वातावरण बिघडवू नका हं. खाली वाईनचे ग्लास मांडून झालेत."

ग्लासांशेजारी टोपीही होती. नव्या डॉक्टरला घालायची काळी पुठ्ठ्याची टोपी. विभागातल्या पोरांनी हौसेने केलेली. वर कागदाचं शिडाचं जहाज.

खोलीत व्हेस्टरबान सरांनी सुरुवात केली. खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि बोलत सुटले. आवाज अजून खणखणीत. "त्या किनाऱ्यावर आधी होती ती लुटालूट. समुद्राला कायदा दिला तो आम्ही."

माना डोलल्या. त्यांच्यासमोर माना डोलायच्याच.

"फ्राऊ कुबल," डेकानबाई म्हणाल्या, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

सुनेत्राने वही उघडली. "सर, किनाऱ्यावरच्या सत्ताही दस्तक द्यायच्या. समुद्रात जायचा परवाना. तो परक्या गलबतांनाही घ्यावा लागायचा. मग न घेणारे डच कोण?"

"तो परवाना नव्हे, खंडणी," सर हसले.

"आणि तुमचा?"

"तो कायदा."

"हा फरक कुठे सापडला तुम्हाला?"

"कागदपत्रांत."

"कोणाच्या?"

"आमच्या. तुमच्याकडचे कागद मोडीत आहेत. मला मोडी येत नाही."

"वाचून घेतलेत कोणाकडून?"

"गरज पडली नाही."

"एवढ्या वर्षांत?"

कोणीतरी खोकलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या भावना मी समजू शकतो," ते मऊ आवाजात म्हणाले. "शेवटी तुम्ही तिथल्याच."

डेकानबाईंनी डोळ्यांनीच सुनेत्राला खुणावलं. पुरे. अजूनही हसून विषय सोडता आला असता. खाली वाईन होती, वर्षाअखेरीला नोकरीचा निर्णय होता, घरी प्रताप वाट बघत होता. आणि नाही सोडला, तर ज्याने आजारी पोरीला मांडीवर घेतलं त्याच्याच तोंडावर त्याचं आयुष्यभराचं काम अर्धं आहे असं म्हणायचं. तिने वही मिटली.

"माझे प्रश्न संपले," ती म्हणाली.

आता रीतीप्रमाणे उमेदवाराने बाहेर व्हरांड्यात थांबायचं आणि आत निकाल ठरायचा. सुनेत्राने पाण्याचा घोट घेतला. व्हेस्टरबान सरांनी आपले कागद गोळा केले, कोट हातावर टाकला, सगळ्यांना मान लववली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"आल्झो, चला तर," डेकानबाई पेन उघडत म्हणाल्या, "विचारायची पद्धत म्हणून विचारते. सरांच्या नावाआधी आता डॉक्टर लावायला कुणाची हरकत?"

सुनेत्राने हात वर केला.