स्टॅच्यू!

"अगं, पडद्यावर रवा सांडलाय का?" विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलापाशी ओजस फिदीफिदी हसला.

जुईचा चेहरा उतरला. तिने आपल्या गेममधल्या स्वयंपाकघरात उजेडाचा एकेक किरण भिंतीभांड्यांवरून अगदी खऱ्यासारखा उसळवला होता. पण एवढे किरण मोजताना शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरची दमछाक व्हायची. खेळाडूने माऊस जरा हलवला की चित्रभर ठिपकेच ठिपके! तो थांबला की मात्र चित्र हळूहळू निवळायचं.

"साधा, खोटा उजेड टाक ना. परीक्षक येतायत," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम, उजेड खराच राहणार. मी खेळच बदलते!" बाह्या सरसावून जुईने पटापट नवा नियम टाईप केला. दूध पिणारा चोर बोका फक्त पितळी हंड्यातल्या प्रतिबिंबात दिसणार, आणि तो ओळखायचा तर खेळाडूने स्टॅच्यू व्हायचं.

परीक्षक आले तेव्हा माऊस ओजसच्या हातात होता. वर्गात कधी स्वस्थ न बसणारा हा पोरगा श्वास रोखून बसला होता. हंड्यावरचे ठिपके विरत होते. आधी मिशा उमटल्या, मग डोळे.

"काय चाललंय रे?" परीक्षकांनी विचारलं.

"शूऽऽ सर, टेबलाला धक्का लावू नका! बोका दिसतोय!"