खंडेनवमीचं तेल

उदगिरात पंक्चरचं दुकान टाकल्यापासून शिवलिंगअप्पांचा एक नेम होता. खंडेनवमीला गल्लीतल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या सायकली ते फुकट साफ करून द्यायचे. यंदा घाम काढला तो बसवंतच्या सायकलीनं. चेन अशी गंजलेली, की तिची कुईकुई कोपऱ्यापासून अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. अप्पांनी ती डिझेलमध्ये भिजवली, ब्रशनं घासली, फडक्यानं कोरडी केली, कडीन् कडीत तेल सोडलं आणि हँडलला झेंडूचा हार घातला. दुपारी बसवंत पिऊनच आला आणि सायकल घेऊन गेला.

थोड्या वेळानं त्याची बायको महानंदा गिरणीतून दळण घेऊन येताना दिसली.

"माय, तुझ्या नवऱ्याची चेन लोण्यावानी केली बघ," अप्पा हौसेनं म्हणाले. "आता दारात येऊन उभा राहिला तरी कळायचं न्हाई."

महानंदा जागीच थांबली. "अप्पा, ती परत वाजंल असं करा. माती घाला तिच्यात."

"खुळी का काय? का गं?"

"कोपऱ्यावर चेन वाजली, की पोरीला मागच्या दारानं शेजारी धाडते मी. एकदा उशीर झाला, तवाच तिचा हात मोडला. सायकल कुठाय?"

"तो मघाशीच घराकडं गेला की. पोरगी कुठाय?"

"घरात. एकलीच हाय."

दळण तिथंच टाकून महानंदा पळाली. अप्पांनी कान दिला. गल्लीत कसलाच आवाज नव्हता.