लाल चौकट

“आज सातवा दिवस आहे,” साहेब म्हणाले. “आज मी आत जाणारच.”

“जा ना,” गावसमितीची सोमारीबाई म्हणाली. “आम्ही का पाय बांधून ठेवले का तुमचे? तो पाहा, बसून राह्यला.”

मंदिराच्या सभामंडपातल्या मोठ्या पडद्यावर तळ्यापलीकडचं जंगल दिसत होतं. मधोमध काळा दगड, त्यावर वाघ. वाघाभोवती लाल चौकट आणि वर पिवळ्या अक्षरांत एकच शब्द, ‘वाघ’.

साहेब खाणीच्या सर्व्हेवर आले होते. परवानगी सात दिवसांची. तिच्यात एक अट होती. रोज गावसमितीचा कॅमेरा पाहायचा, आणि त्यात जनावर दिसलं तर त्या दिवशी कोणीच आत जायचं नाही. सहा दिवस जीप मंदिरासमोर उभी राहून परत गेली होती. आज पाच वाजता मुदत संपत होती. मग ग्रामसभेला नव्यानं विचारावं लागणार होतं, आणि ग्रामसभा काय म्हणेल ते साहेबांनाही ठाऊक होतं. खडक तपासायला जमिनीत पहिलं भोक पाडायचं होतं ते नेमकं त्या काळ्या दगडामागं. तिथं सोमारीबाईच्या कुळाचा पेनठाणा होता, देवाची जागा.

साहेबांनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. “ही चौकट कोण काढतं?”

“मी,” दीपाली म्हणाली.

दीपाली बापूजींची मुलगी. बापूजी मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी, पण माळ घातल्यापासून जाळं सोडून तळ्यात शिंगाडे लावत, आणि एकादशीला कीर्तन करत. मागं बसणाऱ्या बायांना अभंगाचे शब्द ऐकू येत नाहीत म्हणून चंद्रपुरात कॉम्प्युटर शिकून आलेल्या लेकीनं त्यांच्यासाठी एक सोय केली होती. पडदा पूर्ण व्यापून काहीही चालू असो, त्याच्यावर काचेसारखा एक थर धरायचा, त्या थरावर आपल्याला हवं ते मांडायचं, अभंगाची ओळ असो की चित्र. खालचं खाली चालू राहतं. सुरुवातीला व्हिडिओ मोठा केला की तिची अक्षरं दबून जात. चार महिने ती त्याच्याशी झगडली. “कोणी केवढा बी मोठा होवो,” बापूजी म्हणत, “नाव वरतंच राह्यलं पाहिजे.” अखेर राहिलं. मंडप गाऊ लागला. पुढं तोच थर समितीच्या कॅमेऱ्याच्या चित्रावर आला.

“मला वाटतं हे जुनं रेकॉर्डिंग आहे,” साहेब म्हणाले.

“मंग पाठवा आपला माणूस,” सोमारीबाई म्हणाली. “कॅमेऱ्यासमोर हात हलवू द्या त्याले. वाघाले बी करमन.”

बाया हसल्या. जीपचा ड्रायव्हर इसरू खांबामागं सरकला. “माह्याकडे नोका पाहू साहेब. मले लेकरं आहेत.”

तेवढ्यात बाहेर वावटळ उठली. मंडपाचे पत्रे खडखडले. पुढच्याच क्षणी पडद्यावरचा बांबू वाकला, पाचोळा उडाला. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग पडद्याच्या कोपऱ्यातलं. मिनिट जुळत होतं. वाघानं शेपूट हलवली.

“बरं. मग तुमचं ते रंगकाम काढा. लाल-पिवळं काही नको.”

दीपालीनं बापूजींकडे पाहिलं. मग कळ दाबली. चौकट गेली. ‘वाघ’ हा शब्द गेला.

वाघ होता तिथंच होता. त्यानं जांभई दिली.

इसरूनं हात जोडले.

साहेब बापूजींकडे वळले. “बुवा, तुमच्या गळ्यात माळ आहे. तिची शपथ घेऊन सांगा, त्या दगडावर वाघ आहे?”

बापूजींनी माळेला हात लावला.

“माळ शपथेसाठी नसते साहेब, नामासाठी असते. पण एक सांगतो. या जंगलात वाघ नसता, तर हे जंगल तुम्ही कवाचंच नेलं असतं. आता पडद्यावर दिसते ते तुमच्याच डोळ्यांनी पाहून राह्यले. अजून माह्याकडून काय पाहिजे?”

“कागद पाहिजे,” सोमारीबाई म्हणाली आणि तिनं समितीची वही पुढं सरकवली. “लिहा. आपल्या हातानं लिहा काय दिसलं ते.”

पाच वाजायला सहा मिनिटं होती. साहेबांनी पेन काढलं. ‘सातव्या दिवशीही वाघ दिसला. प्रवेश केला नाही.’ खाली सही केली.

“मी परत येईन, बाई. नवा कागद घेऊन.”

“या. ग्रामसभा भरवू. तुम्ही मांडा, आम्ही नाई म्हणू. आमच्या आज्यानं इंग्रजाले नाई म्हटलं होतं, आमाले का जड आहे?”

जीप तळ्याच्या पाळीवरून वळली. तिचा आवाज दूर गेला. मग सोमारीबाई उठली, पडद्यासमोर गेली आणि जमिनीला डोकं टेकवून वाघाच्या पाया पडली.

“काढ आता, पोरी,” बापूजी म्हणाले.

दीपालीनं दुसरी कळ दाबली. वाघही गेला. बांबू हलत होता, कोपऱ्यातलं घड्याळ पुढं सरकत होतं, आणि काळा दगड सातही दिवस होता तसाच होता, रिकामा.