विरजणाचं निमित्त

रेवतीबाई विरजण मागायला आज पुन्हा शेजारी गेल्या.

"फ्रीजमधून घ्या ना काकू," नव्यानेच राहायला आलेली मृणाल म्हणाली.

रेवतीबाईंनी फ्रीजचं दार उघडलं आणि मुद्दाम तसंच धरून ठेवलं. जरा वेळाने फ्रीज बोलला, "दार लावा, गारवा जातोय."

आवाज त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा होता.

दिवाळीनंतरच्या महासेलमध्ये पूर्वी कपडे आणि टीव्ही निघायचे. मग हळूहळू सगळंच निघू लागलं, मेलेल्या माणसांचे जपून ठेवलेले आवाजसुद्धा. घरच्यांनी वर्षभर ऐकला नाही, तर आवाज बेवारशी ठरायचा आणि यंत्रांसाठी स्वस्तात जायचा. रेवतीबाईंना वर्षभर ऐकायचा धीरच झाला नव्हता.

"मृणाल, हा आवाज मला दे गं. काय हवं ते माग."

"तो काढता येत नाही हो काकू. आणि उद्याच्या सेलमध्ये आम्ही फ्रीजच बदलतोय. सारखी किरकिर असते याची."

"दार लावा," फ्रीज पुन्हा म्हणाला.

"लावते हो," रेवतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार सताड उघडलं.