उतरवलेली तार

ताई तशी पहिल्यापासून हट्टी. नव्या गायिकेचा आवाज खर्जातला, म्हणून बास गिटारवर आणखी खालचा सूर हवा होता. पण पाच तारांची गिटार घ्यायला ती काही तयार होईना. वडिलांची चार तारांची गिटार म्हणजे तिचा जीव की प्राण.

"हिचीच जाड तार उतरवते," ती म्हणाली.

"उतरव बाई, पण लवकर. तू सुरात येईपर्यंत मला टक्कल पडेल," ड्रमपाशी बसलेला धाकटा भाऊ म्हणाला.

तिने खुंटी सैल केली. भावाने शर्टाचं वरचं बटण काढलं. तिने आणखी सैल केली, तसा तो खाकरला.

"ताई, गळ्याशी काहीतरी..."

तिने मान वर केली नाही. हव्या सुराच्या खाली जायचं आणि मग चढत सूर गाठायचा, ही वडिलांची शिकवण. तिने खुंटी आणखी एक फेरा सैल केली. तार लोंबली, आणि ड्रमची झांज धाडकन कोसळली.

भाऊ जमिनीवर तडफडत होता. गळ्याभोवती काहीच नव्हतं, तरी तारेएवढी खाच आत रुतत चालली होती आणि तिच्यातून रक्त ओघळत होतं.

"घट्ट कर," त्याचे ओठ हलले.

ती भराभर खुंटी उलटी पिळू लागली. तार ताणली गेली, खाच सैलावली, भावाने हुंदक्यासारखा श्वास घेतला.

तेवढ्यात उरलेल्या तिन्ही खुंट्या आपोआप सैल होऊ लागल्या. ताईला हात दोनच होते.