बरणीतलं बी

मोठ्या आईंचा थोरला मुलगा हल्ली त्यांच्यासमोर बसून चहा घेत नव्हता. उभ्याउभ्या कप रिकामा करायचा आणि पाण्याचा पाइप खांद्यावर टाकून मागच्या वाफ्यांकडे सटकायचा. एवढा बाप्या, आणि आईला चुकवतो! मोठ्या आईंना हे खपण्यासारखं नव्हतं. गुडघे कुरकुरत होते, तरी आज त्या सुनेचा हात धरून त्याच्या मागोमाग रोपवाटिकेत गेल्या.

टोमॅटोच्या वाफ्यापाशी थांबल्या, त्या थांबल्याच.

त्यांचा टोमॅटो म्हणजे चपटा, खाचाखाचांचा, लहानशा भोपळ्यासारखा. तरुणपणापासून दरसाल सगळ्यांत देखणी फळं त्या स्वतः निवडत. बी पाण्यात आंबवून, धुऊन, ताटात वाळवून बरणीत भरत. रोपं विकत, बी मात्र एका नणंदेखेरीज कुणाला दिलं नव्हतं. गेल्या वर्षी तर फळ असं काही भरलं होतं, की गिऱ्हाइकं बघत राहिली आणि मोठ्या आईंचे पाय जमिनीवर ठरेनात. त्याच फळांचं बी यंदा पेरलं होतं.

आणि आता एका झाडाला चपटी फळं, शेजारच्याला गुळगुळीत गोल, पलीकडच्याला लांबोडकी, एकाला तर गोट्यांएवढीच.

"हे काय रे? कुणाकुणाची पोरं गोळा केलीस?"

"माशी बसली असेल, आई. इकडचा पराग तिकडे."

"माशीची लबाडी एखाददुसऱ्या झाडावर दिसते. अख्ख्या वाफ्यात दिसते ती माणसाची. हे बी माझं नव्हे. बोल."

थोरल्यानं पाइप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. गेल्या वर्षी पेरणीच्या आधी त्याच्या हातून बरणीचं झाकण सैल राहिलं होतं. ओल शिरली, बी बुरशीनं काळं पडलं. मग त्यानं पाकिटावरचं चित्र बघून तसल्याच फळाचं संकरित बी आणलं आणि बरणीत भरून ठेवलं.

"दुकानदार म्हणाला होता, यात दोन जातींचं लग्न लावलेलं असतं. पहिल्या वर्षी सगळी झाडं एकसारखी येतात, काही गुण आत दडून राहतात. पण त्याचं बी धरून पेरलं, की दडलेलं सगळं वर येतं."

"आणि मी बी धरत होते, तेव्हा ते ताट उन्हात कुणी नेऊन ठेवलं?"

"मीच."

"जाऊ द्या ना आई," सून म्हणाली. "बी काय, मिळेल कुठूनतरी."

मोठ्या आई वाफ्याच्या कडेलाच खाली बसल्या. कुठून मिळणार होतं? चिमूटभर बी काय ते त्या नणंदेकडे होतं. गेल्या हंगामानंतर तिनं घर आवरायला काढलं, तेव्हा डबा घेऊन आली होती. "वहिनी, तुमच्या टोमॅटोचं बी आहे यात. ठेवता का?" मोठ्या आई तिला हसल्या होत्या. "टाका उकिरड्यावर, वन्सं. माझी बरणी गच्च भरली आहे." थोरला तिथंच बसला होता. आणि उठून तो डबा त्यानंच रिकामा करून आणला होता.

"वन्सं आल्या तेव्हा तू समोर होतास," त्या हळू म्हणाल्या.

"सगळे तुझं कौतुक करत होते, आई. तुझा मान जाईल म्हणून गप्प बसलो."

मोठ्या आईंनी हात लांब करून एक गोटीएवढं फळ खुडलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"या झाडांना तोंड नाही. तरी दुसऱ्या वर्षी सगळं खरं सांगून मोकळी झाली. तुला तर मी चांगलं तोंडासकट जन्माला घातलं होतं."