मोजून भरलेला बार

रानडुकरांनी निम्मा मका फस्त केला, तेव्हा पंचाक्षरीअण्णांनी परवान्याची ठासणीची बंदूक बाहेर काढली. अंदाजानं दारू ठासणारे स्वतःच्याच भुवया जाळून घेतात, म्हणून त्यांनी नवी पेठेतून सोनाराचा काटा आणला. दारू अशी तोलली, जणू लेकीचं मंगळसूत्रच घडवायचंय! शेवटी एकदा नेमासाठी बांधावर ठेवलेलं मडकं बरोबर मधोमध फुटलं.

"आता उरलेला मका आपला, सावित्रम्मा!" अण्णांनी बायकोकडं बघत मिशीला पीळ दिला.

तेवढ्यात दारात पोलीस. "अण्णा, निवडणूक लागलीय. आचारसंहिता हाय. निकाल लागेपर्यंत बंदूक ठाण्यात जमा करायची."

अण्णांनी बंदूक पुढं केली. सावित्रम्मानं मात्र पदर खोचला.

 

"आन् सायेब, डुकरांचे सुळे कवा जमा करून घेताय?"